डॉल्फिनच्या मेंदूचं मॉडेल : बाहेरून डॉल्फिन, आतून माणूस (५ पैकी ३ स्टार)

आधीच सांगून टाकते, पैसे बुडालेत असं अजिबात नाही. पण जे घ्यायचा विचार करतायत, विशेषतः शाळा-कॉलेजच्या लॅबसाठी, त्यांनी हे पूर्ण वाचा आणि मगच ऑर्डर टाका, कारण प्रॉडक्टच्या पानावर जे 'अ‍ॅनाटॉमिकली करेक्ट' असं ठळक लिहिलंय ते अर्धंच खरं आहे.

वस्तू काय आहे ते सांगते. बॉटलनोज डॉल्फिनच्या मेंदूचं खऱ्या आकाराचं मॉडेल, रेझिनचं, चार तुकड्यांत सुटं होतं: डावा अर्धगोल, उजवा अर्धगोल, लहान मेंदू आणि मस्तिष्कस्तंभ. तुकडे आतल्या लोहचुंबकांनी एकमेकांना चिकटतात. खाली काळा स्टँड, सोबत नंबर टाकलेला लॅमिनेट केलेला चार्ट आणि आठ पानांचं माहितीपत्रक. डिलिव्हरी धरून सहा हजारांच्या आत बसलं. विकणाऱ्याचं नाव देत नाही कारण हेच मॉडेल आणि हाच फोटो तीन-चार वेगवेगळ्या नावांनी ऑनलाइन फिरतोय, बनवणारा एकच असणार बहुतेक, आणि मला कुणा एकाला बदनाम करायचं नाहीये, मॉडेलबद्दल बोलायचंय.

घेतलं का? मी कोकणात समुद्राकाठच्या एका ज्युनियर कॉलेजला झूलॉजी शिकवते. आमच्याकडच्या पोरांना डॉल्फिन पुस्तकात भेटत नाहीत, बोटीवर भेटतात. हम्पबॅक डॉल्फिन आणि फिनलेस पॉरपॉइज आपल्या किनाऱ्यावर अगदी जवळ असतात, आणि मेलेले वाहूनही येतात. २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू किनाऱ्याला लागलं, लोकांनी, वनखात्यानी एवढा जीव तोडून प्रयत्न केले तरी वाचलं नाही, तेव्हापासून तर वर्गात प्रश्नच प्रश्न. त्याला कळत होतं का, त्याला वाट का नाही सापडली, त्याचा मेंदू केवढा असतो. आता हे खरा मेंदू दाखवून शिकवता येईल का तर नाही. एकतर हे सगळे प्राणी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, मेलेला प्राणी सरकारी मालमत्ता, परवानगीशिवाय दातसुद्धा घरी नेता येत नाही आणि ते योग्यच आहे. दुसरं म्हणजे मेंदू टिकतच नाही. एका पशुवैद्य मित्राला विचारलं तर तो म्हणाला, "अगं मॅडम, चरबीच्या थरामुळे आतली उष्णता बाहेर जात नाही, प्राणी मेला की काही तासांत मेंदू आतल्या आत सडायला लागतो, आपल्या इथल्या उन्हात दुसऱ्या दिवशी कवटी उघडलीस तर ओतता येईल." म्हणजे संशोधकांना एक चांगला, वेळेत फॉर्मलिनमध्ये गेलेला मेंदू मिळणं किती दुर्मिळ आहे बघा. म्हणून मग मॉडेल.

आता चांगल्या गोष्टी, आणि त्या खरंच चांगल्या आहेत.

पहिली म्हणजे आकार. डॉल्फिनचा मेंदू लांबीपेक्षा रुंदीला जास्त असतो आणि हे या मॉडेलमध्ये इतकं छान आलंय की समोरून बघितलं तर दोन बॉक्सिंग ग्लोव्हज शेजारी शेजारी ठेवलेत असं वाटतं. डॉल्फिनची कवटी उत्क्रांतीत मागेपुढे दबली गेली, नाकपुडी कपाळावरून वर सरकून डोक्याच्या माथ्यावर आली, तिच्याबरोबर हाडं एकावर एक सरकली, आणि मेंदूला पसरायला बाजूंनाच जागा उरली. पोरांना आधी माणसाच्या मेंदूचं मॉडेल दाखवायचं आणि मग हे शेजारी ठेवायचं, एक अक्षर न बोलता अर्धा तास निघतो. आमचे लॅब असिस्टंट काका तर म्हणाले, "मॅडम, ह्याला कुणीतरी पुढून-मागून दाबलंय." काकांनी एका वाक्यात सगळं सांगून टाकलं.

दुसरी गोष्ट घड्या. मेंदूच्या पृष्ठभागावरच्या वळ्या-खाचा. डॉल्फिनमध्ये त्या माणसापेक्षाही दाट असतात आणि मॉडेलमध्ये त्या खोल, बारीक, बोट फिरवलं तर जाणवतात अशा आहेत, नुसत्या रंगवलेल्या नाहीत. इथे कुणीतरी खऱ्या मेंदूचं स्कॅन वापरलंय हे नक्की. घड्या जास्त म्हणजे अक्कल जास्त असं मात्र लगेच समजू नका, कारण डॉल्फिनचं ते वरचं कॉर्टेक्सचं आवरण माणसाच्या मानानं पातळ असतं. पातळ आणि पसरट आवरण, म्हणून घड्याही जास्त. शिवाय आपल्या कॉर्टेक्समध्ये सहा थर शिकवतो ना, त्यातला चौथा थर, जिथे बाहेरून येणारी माहिती आधी पोचते, तो देवमासे-डॉल्फिनमध्ये जवळजवळ नसतोच. त्यांची माहिती वरच्या थरांतून आत शिरते असं मानलं जातं. म्हणजे वायरिंगच वेगळं. हे अर्थातच मॉडेलवर दिसणार नाही, त्याबद्दल तक्रार नाही.

तिसरी, लहान मेंदू चांगला भरदार आहे, तसाच हवा. आणि आठव्या क्रमांकाची नस, ऐकण्याची, ती जाडजूड दाखवलीय. वा. डॉल्फिनच्या कानातून मेंदूकडे जाणारे तंतू माणसाच्या साधारण तिप्पट भरतात. आवाज काढायचा, त्याचा प्रतिध्वनी ऐकायचा आणि त्यावरून समोर मासा आहे की जाळं हे ठरवायचं, तेही मिलिसेकंदांत, म्हटल्यावर एवढी जाड केबल लागणारच. ही एक नस बघून मी मॉडेल परत पाठवायचा विचार सोडून दिला, खरं सांगते.

इथपर्यंत पाच स्टार. आता उघडून बघा.

मॉडेल बाहेरून डॉल्फिन आहे, पण दोन अर्धगोल वेगळे केले की आतल्या कापलेल्या बाजूवर जे रंगवलंय आणि खालून ज्या नसा, रक्तवाहिन्या चिकटवल्यात ते सरळ सरळ माणसाचं उचललंय. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. बाहेरच्या आकारासाठी स्कॅन मिळालं असेल, आतल्यासाठी मिळालं नसेल किंवा मिळवायचा कंटाळा केला असेल, काय माहीत, पण मग शेल्फवर पडलेलं माणसाच्या मेंदूचं डिझाइन ताणून बसवलंय.

सगळ्यात मोठी चूक खाली पुढच्या बाजूला. पिवळ्या रंगात एक नंबरची नस, गंधाची, आणि तिच्या टोकाला गंधकंद, दोन्ही बाजूंना, छान ठसठशीत. डॉल्फिनला ते नसतातच! दात असलेले सगळे देवमासे, म्हणजे डॉल्फिन, पॉरपॉइज, स्पर्म व्हेल, ओर्का, यांच्यात मोठेपणी गंधकंद नसतात. वास घेण्याचं खातंच बंद. ज्याला सस्तन प्राण्यांच्या मेंदूबद्दल थोडंही वाचन आहे त्याला डॉल्फिनबद्दल पहिली गोष्ट हीच माहीत असते. गंमत म्हणजे दात नसलेले, गाळणी लावून खाणारे जे देवमासे आहेत त्यांच्यात थोडे शिल्लक आहेत, बोहेड व्हेलमध्ये तर चांगले कामाचे वाटणारे गंधकंद सापडले हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे हे मॉडेल 'बोहेड' म्हणून विकलं असतं तर एक वेळ गंधकंद चालले असते, पण मग रेझिन किती लागलं असतं विचार करा.

दुसरी चूक मधल्या पुलाची. डावा-उजवा अर्धगोल जोडणारा तंतूंचा जो पट्टा, कॉर्पस कॅलोसम, तो मॉडेलमध्ये माणसासारखा जाड कमानदार दाखवलाय. डॉल्फिनमध्ये एवढ्या मोठ्या मेंदूच्या मानानं तो बराच बारीक असतो. ही चूक मला जास्त टोचली कारण डॉल्फिनच्या झोपेची सगळी मजा इथून सुरू होते, त्याबद्दल खाली लिहिते.

तिसरी, हिप्पोकॅम्पस. लाल रंगात, माणसाच्या मापाचा. प्रत्यक्षात डॉल्फिनचा हिप्पोकॅम्पस इतका छोटा असतो की बघणाऱ्याला प्रश्न पडावा. आणि खरा शिकवण्यासारखा मुद्दा हाच आहे ना! आपण वर्गात सांगतो हिप्पोकॅम्पस म्हणजे आठवणी आणि रस्ता लक्षात ठेवणं. मग हा प्राणी मैलोन्मैल फिरतो, आणि २०१३ मध्ये जेसन ब्रक यांनी दाखवलं की वेगळे केलेले बंदिस्त डॉल्फिन वीस वर्षांनंतरही जुन्या सोबत्याची खास शिट्टी ओळखतात. एवढासा हिप्पोकॅम्पस आणि एवढी दांडगी आठवण, हे कसं? याचं सरळ उत्तर अजून कुणाकडे नाही. उलट सी लायनचं बघा, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर विषारी शेवाळ फुललं की त्यातलं डोमोइक अ‍ॅसिड माशांमार्फत त्यांच्या पोटात जातं, हिप्पोकॅम्पस खराब होतो, फिट्स येतात, वाट चुकतात. १९९८ मध्ये मॉन्टेरे बे भागात अशी मोठी घटना घडली तेव्हा हे पहिल्यांदा पक्कं झालं. २०२० मध्ये तर क्रोनट नावाच्या एका सी लायनच्या मेंदूत फिट्स थांबवायला डुकराच्या गर्भातल्या पेशी बसवल्या होत्या, सॅन फ्रान्सिस्कोच्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियातल्या लोकांच्या मदतीनं. हे सगळं हिप्पोकॅम्पसवर बोट ठेवून सांगता आलं असतं, पण बोट ठेवायला मॉडेलवर माणसाचा हिप्पोकॅम्पस आहे.

चौथी चूक रक्तवाहिन्यांची, आणि ही सहसा कुणाच्या लक्षात येणार नाही. खालच्या बाजूला लाल रंगात मानेतून वर येणाऱ्या दोन मोठ्या कॅरोटिड धमन्या आणि त्यांचं गोल कडं. डॉल्फिनमध्ये आतली कॅरोटिड मेंदूपर्यंत पोचायच्या आधीच निमुळती होऊन संपते, मेंदूला रक्त मिळतं ते छातीत आणि मणक्याच्या पोकळीत असलेल्या धमन्यांच्या गुंतागुंतीच्या जाळ्यातून. हे जाळं कशासाठी यावर पिढ्यानपिढ्या डोकी खाजवून झाली. २०२२ मध्ये कॅनडातल्या युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबियाच्या गटानं मांडलं की श्वास रोखून शेपटी जोरात वरखाली मारताना रक्तदाबाचे जे धक्के बसतात ते मेंदूपर्यंत जाऊ नयेत यासाठी ते असावं. आपण पळतो तेव्हा श्वास चालू असतो, त्यामुळे धक्का काहीसा बाहेर निघून जातो. पाण्याखाली नाक बंद, तो दाब जाणार कुठे? किती भारी गोष्ट आहे ही, आणि मॉडेलवाल्यानं तिथे माणसाचं कडं चिकटवून दिलं. मी ते कडं आणि गंधकंद दोन्ही ब्लेडनं कापून टाकले. थोडं पॉलिश पेपर मारलं, पांढरा ठिपका राहिलाय, राहू दे. वॉरंटी गेली असेल तर गेली.

चार्टवर ऐकण्याचं केंद्र कानशिलाच्या भागात दाखवलंय. ही गंमतच झालीय. जुन्या प्रयोगांत, म्हणजे गेल्या शतकात जिवंत डॉल्फिनच्या मेंदूत इलेक्ट्रोड घालून जे शोधलं गेलं (आज कुणी करू देणार नाही आणि देऊही नये), त्यात ऐकण्याचा भाग वर माथ्याच्या बाजूला, बघण्याच्या भागाशेजारी सापडला होता. म्हणून चार्ट चूक असं मी म्हणणारच होते. पण २०१५ मध्ये एमोरी युनिव्हर्सिटीचे ग्रेगरी बर्न्स यांनी नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर लागून मेलेल्या दोन डॉल्फिनचे मेंदू, जे दहा वर्षांहून जास्त काळ जपून ठेवलेले होते, ते खास एमआरआयमध्ये घातले आणि तंतूंच्या वाटा मोजल्या, तर ऐकण्याची एक वाट कानशिलाच्या भागाकडेही जाताना दिसली. म्हणजे दोन ठिकाणं. तेव्हा चार्टवाल्यानं माणसाचं कॉपी केलं आणि नशिबानं अर्धं बरोबर आलं. त्याला त्याचे अर्धे मार्क देते. आणि बघा, कुणीतरी बादलीत जपून ठेवला म्हणून दहा वर्षांनी नव्या यंत्रानं नवी माहिती निघाली.

आता माहितीपत्रक. हे सरळ रद्दीत टाका. पहिल्याच पानावर 'डॉल्फिनचा मेंदू माणसापेक्षा मोठा, म्हणून ते माणसापेक्षा हुशार'. अरे बाबा. बॉटलनोजचा मेंदू साधारण १६०० ग्रॅम, माणसाचा १३०० ते १४००, इथपर्यंत ठीक. पण मग स्पर्म व्हेलचा जवळपास ८ किलो, जगातला सगळ्यात मोठा, तो काय सहापट हुशार? शरीराच्या मानानं मेंदू अपेक्षेपेक्षा किती मोठा याचं एक गुणोत्तर काढतात, हॅरी जेरिसन यांनी १९७३ च्या सुमारास ते रूढ केलं, त्यात माणूस ७ च्या आसपास, बॉटलनोज ४ च्या वर, चिंपांझी अडीचच्या आत. म्हणजे या हिशोबात डॉल्फिन चिंपांझीच्या पुढे. पण या गुणोत्तराला पण फार डोक्यावर घेऊ नका, देवमाशांच्या अंगावरच्या चरबीनंच भागाकार बिघडतो.

पेशी मोजल्या तर आणखी गोंधळ. फॅरो बेटांजवळच्या लाँग-फिन्ड पायलट व्हेलच्या निओकॉर्टेक्समध्ये, म्हणजे त्या वरच्या आवरणाच्या मुख्य भागात, ३७०० कोटींहून जास्त मज्जापेशी मोजल्या गेल्या, २०१४ चं काम. माणसात मोजायच्या पद्धतीप्रमाणे १६०० ते २३०० कोटी. म्हणजे तिथे आपण हरलो. दुसरीकडे दक्षिण आफ्रिकेचे पॉल मँगर यांनी २००६ मध्ये असं मांडलं की हा मोठा मेंदू हुशारीसाठी नाहीच, थंड पाण्यात मेंदू गरम राहावा म्हणून त्यात ऊब देणाऱ्या ग्लिया पेशी (मज्जापेशींना आधार देणाऱ्या) भरल्यात. त्यावर एवढी खळबळ झाली की पुढच्याच वर्षी लोरी मरिनो आणि बऱ्याच जणांनी मिळून सविस्तर उत्तर लिहिलं, की डॉल्फिन आरशात स्वतःला ओळखतात (हा प्रयोग मरिनो आणि डायना रीस यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केला होता), खुणांची भाषा समजतात, एकमेकांकडून शिकतात, हे काय हीटरचं काम आहे का. मला स्वतःला मँगर यांचं म्हणणं पटत नाही, पण वर्गात दोन्ही बाजू सांगते, कारण अकरावीच्या पोरांना शास्त्रज्ञ भांडतात हे कळलं की त्यांना एकदम विषयात रस यायला लागतो. माहितीपत्रकात यातलं एक अक्षर नाही. वर 'आपण मेंदूचा फक्त १० टक्के वापर करतो, डॉल्फिन २० टक्के' हेही छापलंय. हे वाक्य जिथे दिसेल तिथे ते पान मिटायचं, साधा नियम.

हे सगळं असूनही तीन स्टार का दिले, एक का नाही, तर झोपेचा तास. या मॉडेलचा सगळ्यात उत्तम उपयोग तिथे झाला.

दोन अर्धगोल चुंबकांवरून ओढून वेगळे करायचे, एक टेबलावर आडवा, एक हातात उभा. हा झोपला, हा जागा. डॉल्फिन अशीच झोपतात. १९७७ मध्ये लेव मुखामेतोव्ह आणि त्यांच्या सोव्हिएत सहकाऱ्यांनी बॉटलनोजच्या मेंदूतल्या विद्युतलहरी नोंदवून दाखवलं की एका वेळी एकाच बाजूला गाढ झोपेच्या संथ लहरी येतात, दुसरी बाजू जागी असते, मग पाळी बदलते. बहुतेक वेळा झोपलेल्या बाजूच्या विरुद्ध डोळा मिटलेला असतो, कारण यांच्यात एका डोळ्याचे जवळपास सगळे तंतू पलीकडच्या बाजूलाच जातात. आपल्यात अर्धे इकडे, अर्धे तिकडे. आता तो बारीक पूल आठवा, दोन्ही बाजूंचं आपापसात बोलणं मुळातच कमी, म्हणून एकीला न उठवता दुसरी झोपू शकत असेल असं बऱ्याच जणांना वाटतं. मॉडेलवर पूल जाड आहे म्हणून मी त्यावर मार्करनं बराच भाग काळा करून टाकला आणि उरलेला तेवढा खरा असं सांगितलं.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, पण अर्धं झोपायची गरजच काय? आपण झोपतो तेव्हा श्वास चालूच राहतो की." हाच प्रश्न पाहिजे होता. डॉल्फिनचा श्वास आपल्यासारखा आपोआप चालत नाही, वर यायचं, नाकपुडी उघडायची, हे त्याला करावं लागतं. हे कळलं फार वाईट रीतीनं. १९५० च्या दशकात अमेरिकेत जॉन लिली आणि इतरांनी मेंदूचा नकाशा काढायचा म्हणून डॉल्फिनना नेहमीची भूल दिली, आणि भूल चढली तसा श्वास थांबला आणि ते दगावले. पुढे १९६० च्या दशकात श्वास चालू ठेवणारं यंत्र लावून भूल द्यायची पद्धत बसवली गेली, त्यात अमेरिकन नौदलाकडचे पशुवैद्य सॅम रिजवे यांचं नाव मोठं. आणि अर्धी झोप किती कामाची हेही नंतर मोजलं गेलं, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एका मादीनं सलग १५ दिवस रात्रंदिवस आवाज टाकून लक्ष्य ओळखायचं काम चोख केलं. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्या आमच्या पोरांनी यावर जो आवाज काढला तो इथे लिहिता येणार नाही.

सगळ्या समुद्री सस्तन प्राण्यांना हे जमतं असं नाही. फर सील पाण्यात अर्ध्या मेंदूनं झोपतो आणि किनाऱ्यावर आला की पूर्ण. एलिफंट सील दोन्ही बाजूंनी एकदम झोपतो, पण कुठे, तर खोल पाण्यात बुडी मारून, गोल गोल गिरक्या घेत खाली पडत. जेसिका केंडल-बार यांनी कॅलिफोर्नियात त्यांच्या डोक्यावर विद्युतलहरी टिपणारी टोपी बसवून हे नोंदवलं, २०२३ मध्ये आलं, समुद्रात असताना महिनोन्महिने दिवसाला फक्त दोनेक तास झोप, आणि किनाऱ्यावर आले की दहा-दहा तास.

क्वालिटीबद्दल पटकन. पॅकिंग चांगलं, थर्माकोल भरपूर. चुंबक मजबूत. रंग मात्र कच्चा आहे, पोरांच्या घामट हातांनी नंबर पुसायला लागलेत, आल्या आल्या वरून क्लिअर लॅकर मारून घ्या. आतून पोकळ असल्यामुळे वजन काहीच नाही, त्यामुळे '१६०० ग्रॅम' हे हाताला कळत नाही. आम्ही वाळूची दोन पाकिटं केली, एक १६०० ची आणि एक १३५० ची, आणि मॉडेलशेजारी ठेवली. स्टँड डगमगतो, खाली रबराचे तुकडे चिकटवा. चुकांची यादी विक्रेत्याला मेल केली तर 'थँक यू फॉर युवर व्हॅल्युएबल फीडबॅक' आलं आणि पाठोपाठ माणसाच्या मेंदूच्या मॉडेलवर डिस्काउंट कूपन.

ज्यांना पैसे घालायचे नाहीत त्यांच्यासाठी, किंवा माझ्यासारखं घेऊन झालंय आणि आतलं खरं काय ते बघायचंय त्यांच्यासाठी, 'कंपॅरेटिव्ह ममेलियन ब्रेन कलेक्शन्स' नावाची वेबसाइट आहे, फुकट. विस्कॉन्सिन युनिव्हर्सिटी, मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटी आणि अमेरिकेतलं नॅशनल म्युझियम ऑफ हेल्थ अँड मेडिसिन यांचे संग्रह एकत्र केलेत, शंभराहून जास्त प्रजातींचे मेंदू, खरे, कापलेले, रंग दिलेले, त्यांचे फोटो. बॉटलनोज डॉल्फिन आहे, सी लायन आहे, मॅनेटी आहे. दिसायला साइट साधी आहे, पण डॉल्फिनचा उभा छेद उघडा आणि मॉडेल हातात धरा, कॉर्पस कॅलोसमवर नजर टाका, बाकी मला काही सांगावं लागणार नाही. प्रोजेक्टरवर लावायला पण बरी पडते. आणि मॅनेटी बघाच. समुद्री गायींच्या कुळातली, आपल्याकडच्या ड्युगाँगची नातेवाईक, एवढं अवाढव्य जनावर आणि मेंदू जेमतेम साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास, पृष्ठभाग जवळजवळ गुळगुळीत. डॉल्फिनच्या बरोबर उलटं टोक. दोघंही कायम पाण्यातच, मग एकाचा असा आणि एकाचा तसा का, यावर एक आख्खा तास होतो.

तर घ्यावं का? तुमच्याकडे माणसाच्या मेंदूचं मॉडेल आधीच असेल आणि शेजारी ठेवून आकार, घड्या, ऐकण्याची नस आणि अर्धी झोप एवढं दाखवायचं असेल तर घ्या, पोरांच्या हातात काहीतरी येतं हे फोटोनं होत नाही. एमएस्सीला किंवा व्हेटर्नरी कॉलेजला अ‍ॅनाटॉमी म्हणून घेणार असाल तर मुळीच नको. म्युझियमवाल्यांनी घेतलंच तर निदान गंधकंद तरी कापून मग काचेत ठेवा, ब्लेड कुठल्या कोनातून घालायचं ते कमेंटमध्ये विचारा, सांगते.